पाणी जोखताना

"दिवसाला ४०,००० लिटर पाणी लागते. किती मोठा सॉफ्टनर बसवावा लागेल?" एका हॉटेलच्या देखभाल विभागातील गृहस्थांनी फोनवर हा प्रश्न विचारला. सॉफ्टनर म्हणजे कठीण पाणी मृदू करणारे यंत्र. आवाजावरून त्यांना दोन मिनिटांत आकडा मिळेल अशी अपेक्षा असावी. मी उलट विचारले, की हे पाणी केव्हा लागते. क्षणभर शांतता झाली आणि मग उत्तर आले, "रोजच लागते." त्यांची काही चूक नव्हती. या व्यवसायातील पहिली काही वर्षे मीही पाण्याकडे असेच पाहत होते. दिवसाची बेरीज मिळाली की काम झाले, असे मला वाटत असे.

एखाद्याचे पाणी जोखणे, म्हणजे तो खरा किती वकुबाचा आहे हे ओळखणे, असा आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे. माझे काम शब्दशः तेच आहे. हॉटेले, धुलाईगृहे, रुग्णालये, बाष्पके, म्हणजे बॉयलर, चालवणारे कारखाने यांच्याकडे येणारे पाणी किती कठीण आहे, ते कोणत्या कामाला आणि कशा वेगाने वापरले जाते हे पाहून त्यांच्यासाठी सॉफ्टनरचे माप ठरवायचे. माप चुकले की त्याचा दोष यंत्राच्या माथी जातो. माझा अनुभव असा, की यंत्र क्वचितच चुकते. बहुतेक वेळा मोजणाऱ्याने, म्हणजे माझ्यासारख्या कोणीतरी, पाण्याऐवजी कागद जोखलेला असतो.

शाळेच्या पुस्तकात कठीण पाण्याला 'दुष्फेन' म्हटले होते आणि मृदू पाण्याला 'सुफेन'. त्या वयात हे शब्द बोजड वाटले, पण आता वाटते की ज्याने ते घडवले त्याने साबण हातात घेऊन विचार केला असावा, कारण फेस होणे किंवा न होणे हीच या पाण्याची सर्वांत जुनी परीक्षा आहे. बोलताना लोक 'जड पाणी' म्हणतात. विज्ञानात मात्र जड पाणी म्हणजे निराळेच काही असते आणि त्याचा साबणाशी संबंध नाही. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, आणि पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटची पुटे नळ्यांच्या आत चढतात. सॉफ्टनर हे दोन्ही धातू पाण्यातून काढतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. ही अदलाबदल रेझिनच्या बारीक मण्यांवर होते. मण्यांवरचा सोडियम संपत आला की मिठाचे दाट पाणी सोडून ते पुन्हा भरून घ्यायचे, याला रीजनरेशन म्हणतात. मीठ स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे, म्हणून ही पद्धत टिकली.

या अदलाबदलीचा शोध पाण्याच्या शास्त्रात लागला नाही, तर शेतात लागला, हे मला फार आवडते. हॅरी स्टीफन थॉम्पसन या इंग्रज जमीनदाराने मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडून पाहिले, तेव्हा खालून अमोनियाऐवजी कॅल्शियमचे सल्फेट बाहेर आले. माती एक घेत होती आणि दुसरे देत होती. थॉम्पसनचे हे निरीक्षण १८५० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी जॉन थॉमस वे या रसायनतज्ज्ञाने त्यावर पद्धतशीर प्रयोग मांडले. कृत्रिम रेझिन यायला पुढे १९३५ उजाडावे लागले. ते अ‍ॅडम्स आणि होम्स यांचे काम. आज सॉफ्टनरमध्ये वापरतात ते मणी त्यानंतरच्या पिढीचे, पॉलिस्टायरीनचे, मधासारख्या रंगाचे असतात. मातीची ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली आहे, कारण त्या हॉटेलच्या कामात ती अगदी अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडली.

माप ठरवण्याची सुरुवात कठीणपणाच्या आकड्यापासून होते आणि पहिला खड्डाही तेथेच असतो. हा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या तुलनेत, दर लिटरमागे इतके मिलिग्रॅम, असा सांगतात. पण तो नेहमी तसाच लिहून येत नाही. अमेरिकी पद्धतीतील दर गॅलनला एक ग्रेन म्हणजे १७.१ मिलिग्रॅम, एक फ्रेंच अंश म्हणजे १० मिलिग्रॅम, एक जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम आणि जुना इंग्रजी क्लार्क अंश म्हणजे १४.३ मिलिग्रॅम. माझ्या पहिल्या वर्षी एका अहवालात नुसते '२० अंश' असे लिहिले होते. मी ते फ्रेंच अंश समजून २०० मिलिग्रॅम धरले आणि सगळे गणित पूर्ण केले. ते जर्मन अंश होते, म्हणजे पाणी ३५७ मिलिग्रॅमचे होते. आमच्या कार्यालयातील ज्येष्ठ सहकाऱ्याने कागद पाहिला आणि काही न बोलता 'अंश' या शब्दाभोवती पेन्सिलीने एक वर्तुळ काढले. त्या वर्तुळाने जेवढे शिकवले तेवढे एखाद्या व्याख्यानाने शिकवले नसते. तेव्हापासून अहवाल कोणाचाही असो, मी जागेवर जाऊन स्वतः चाचणी करते. नमुन्यात निर्देशक टाकला की कठीण पाणी मद्यासारखे लालसर होते आणि थेंब थेंब रसायन घालत गेले की शेवटच्या थेंबाला ते निळे होते. किती थेंब लागले, तेवढा कठीणपणा. विहिरीचे आणि नदीचे पाणी मिसळून पुरवठा होत असेल, तर ऋतूप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून एकाच नमुन्यावर विसंबणेही बरे नाही.

आता गणित. दिवसाला २०,००० लिटर पाणी आणि कठीणपणा ३५० मिलिग्रॅम असेल, तर रोज ७ किलो कठीणपणा काढायचा आहे. एक लिटर रेझिन एका खेपेत किती कठीणपणा धरते, या आकड्याने ७ किलोला भागले की रेझिन किती हवे ते कळते. येथपर्यंत हे पाचवीच्या मुलाला जमेल. अडचण अशी आहे, की रेझिनची धारणशक्ती हा ठरीव आकडा नाही. तुम्ही त्याला किती मीठ देता यावर ती अवलंबून असते.

हा भाग ग्राहकाला समजावून सांगताना मी नेहमी थोडी रेंगाळते, कारण पुढची दहा-पंधरा वर्षे तो ग्राहक जे मीठ विकत घेणार आहे त्याचा निर्णय येथेच होतो. प्रत्येक लिटर रेझिनला २४० ग्रॅम मीठ दिले, तर ते सुमारे ६९ ग्रॅम कठीणपणा धरते. १६० ग्रॅम दिले, तर सुमारे ५५ ग्रॅम धरते. आणि ९६ ग्रॅमच दिले, तरीही सुमारे ४६ ग्रॅम धरते. मीठ अडीचपट केले, तर काम दीडपटच वाढते. भिजलेला टॉवेल पिळताना पहिल्या पिळाला पाणी भराभर निघते आणि शेवटच्या थेंबांसाठी मनगट दुखते, तसाच हा प्रकार आहे. आपल्या ७ किलोंच्या उदाहरणात भरपूर मीठ देणारी रचना निवडली तर सुमारे १०० लिटर रेझिन पुरते, पण रोज २४ किलोंहून अधिक मीठ लागते. कमी मीठ देणारी रचना निवडली तर १५० लिटरांवर थोडे रेझिन लागते, पण मीठ १५ किलोंच्या आत भागते. फरक रोज साडेनऊ किलोंहून अधिक, म्हणजे वर्षाला सुमारे साडेतीन टन. हे साडेतीन टन मीठ कोणाला तरी पोत्यांनी उचलून टाकीत ओतावे लागते आणि शेवटी ते सगळे गटारात जाते. स्पर्धेत कमी किमतीचे यंत्र दाखवण्यासाठी लहान टाकी आणि भरपूर मीठ ही जोडी पुढे केली जाते, तेव्हा या पोत्यांचा उल्लेख दरपत्रकात कोठेही नसतो. 'मापात पाप' ही म्हण तराजूवाल्यांसाठी असली, तरी मला ती अशा वेळी आठवते.

अर्थात कमी मीठ नेहमीच शहाणपणाचे असते असे नाही. मीठ कमी दिले की रेझिनच्या तळाशी थोडा कठीणपणा शिल्लक राहतो आणि पुढच्या खेपेत तो निसटून पाण्यात येतो. अंघोळीच्या पाण्यात असे पाच-दहा मिलिग्रॅम कोणाच्या लक्षातही येत नाहीत, पण अधिक दाबाच्या बाष्पकाला ते चालत नाहीत. तेथे मीठ वाढवावे लागते, किंवा पाणी ज्या दिशेने वाहते त्याच्या उलट दिशेने मीठ सोडणारी रचना घ्यावी लागते, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या टोकाचे मणी सर्वांत स्वच्छ राहतात. पाण्यात एकूण क्षार फार असतील तर ही गळती आणखी वाढते. लोह असेल तर ते मण्यांवर गंजासारखे बसते आणि क्लोरीन जास्त असेल तर मणी हळूहळू फुगून मऊ पडतात. या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त सॉफ्टनरच्या आधी करणे बरे, एवढेच येथे पुरे.

माझ्या हातून झालेली खरी चूक मात्र यांपैकी कशातही नव्हती. वरचे २०,००० लिटर आणि ३५० मिलिग्रॅम हे आकडे मी हवेतून घेतलेले नाहीत. ते एका धुलाईगृहाचे होते. मी कमी मिठाची रचना निवडली होती, १५० लिटर रेझिन घेतले होते आणि रीजनरेशन रात्री होईल अशी व्यवस्था केली होती. प्रवाहाचाही विचार केला होता. रेझिनमधून तासाला त्याच्या आकारमानाच्या चाळीसपटीपर्यंत पाणी नेले तरी सहसा चालते, म्हणजे माझ्या टाकीतून तासाला ६,००० लिटर निघू शकत होते. धुलाईगृह दहा तास चालत असे, म्हणजे सरासरी तासाला २,००० लिटर. तिप्पट मोकळीक ठेवली, या समाधानात मी होते.

तीन आठवड्यांत तक्रार आली. चादरी करड्या पडत होत्या आणि हाताला खरखरीत लागत होत्या. आमचा तंत्रज्ञ सकाळी अकरा वाजता गेला, त्याने पाणी तपासले, तर ते उत्तम मृदू निघाले. पुन्हा तक्रार, पुन्हा तपासणी, पुन्हा निर्दोष निकाल. ग्राहकाला वाटू लागले की आम्ही त्याला खोटे पाडत आहोत, आणि आम्हाला वाटू लागले की तो साबणात काटकसर करत आहे. शेवटी मी पहाटे पाचच्या पाळीला जाऊन बसले.

तेथे चार मोठी यंत्रे होती. पाळी सुरू झाली, चौघांनी आपापल्या यंत्रात कपडे भरले आणि पाच वाजून दहा मिनिटांनी चारही यंत्रांचे पाण्याचे व्हॉल्व्ह जवळजवळ एकाच वेळी उघडले. प्रत्येक यंत्र दोन मिनिटांत २०० लिटर पाणी मागत होते. चार यंत्रे मिळून मिनिटाला ४०० लिटर, म्हणजे तासाच्या हिशेबाने २४,००० लिटर. माझ्या तिप्पट मोकळिकीच्या चौपट ती मागणी होती. सॉफ्टनरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांतील काटे एकमेकांपासून दूर गेले, यंत्रे धापा टाकल्यासारखी भरू लागली, आणि मी बाटलीत धरलेल्या पाण्याचा लाल रंग रसायनाच्या थेंबांनी लवकर निळा होईना. पाणी मण्यांजवळ थांबतच नव्हते, तर अदलाबदल होणार कशी? दोन मिनिटांनी सगळे शांत झाले. पुढच्या धुण्याच्या वेळी पुन्हा तेच. अकरा वाजता यंत्रांच्या पाळ्या मागेपुढे झालेल्या असत, मागणी विखुरलेली असे, आणि म्हणून आमच्या तंत्रज्ञाला नेहमी निर्दोष पाणी मिळत असे. मी दिवसाचे पाणी मोजले होते, तासाचेही मोजले होते. त्या धुलाईगृहाचे पाणी दोन मिनिटांत राहत होते.

यावर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे चौपट मोठा सॉफ्टनर. मलाही आधी तोच सुचला. पण ६०० लिटर रेझिनचा सॉफ्टनर दिवसातील काही मिनिटे धावला असता आणि उरलेल्या वेळी झोपून राहिला असता. आम्ही सॉफ्टनर तोच ठेवला आणि त्याच्या पुढे २,००० लिटरची मृदू पाण्याची टाकी आणि पंप बसवला. चार यंत्रांनी एकदम ८०० लिटर ओढले तरी टाकी रिकामी होत नाही, आणि सॉफ्टनर तासाला ३,५०० लिटरच्या निवांत गतीने ती तूट चौदा मिनिटांत भरून काढतो. चादरी सुधारल्या. टाकीमुळे एक नवे कामही आले, हे मान्य केले पाहिजे. साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन उडून जातो, म्हणून टाकीला घट्ट झाकण हवे, आत उजेड जाता कामा नये आणि ती वेळोवेळी धुवायला हवी. फुकटात काही सुटत नाही.

मोठे म्हणजे सुरक्षित, ही समजूत या व्यवसायात फार खोल रुजलेली आहे. माप ठरवणारा आपल्या शंकेपोटी थोडे वाढवतो, वास्तुविशारद त्यावर थोडे वाढवतो, खरेदी करणारा भविष्यातील विस्तारासाठी आणखी थोडे वाढवतो, आणि शेवटी जागेवर येते ते यंत्र कोणाच्याच गणितातले नसते. अशा टाकीत पाणी इतके संथ वाहते की ते सगळ्या रेझिनमध्ये पसरत नाही. ते आपल्याला सोयीची एखादी वाट शोधते आणि त्याच वाटेने जात राहते. त्या वाटेवरचे मणी थकतात, बाजूचे मणी ताजेतवाने बसून राहतात, आणि मीटर सांगत असतो की अजून निम्मी क्षमता शिल्लक आहे. मी एका कार्यालयीन इमारतीत असा सॉफ्टनर पाहिला आहे, जेथे रीजनरेशन पंधरा-पंधरा दिवस होत नव्हते. उघडला तेव्हा रेझिनचा थर दाबून घट्ट बसला होता आणि पाण्याला साचलेपणाचा वास येत होता. म्हणून मी आता क्षमता कितीही शिल्लक असली तरी काही ठरावीक दिवसांनी एकदा रीजनरेशन होईलच अशी सोय करून घेते.

या मोठेपणाचे एक मूळ नळ मोजण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या रॉय हंटर यांनी १९४० मध्ये इमारतीतील पाण्याच्या मागणीचा अंदाज बांधण्याची रीत मांडली. प्रत्येक नळाला, शौचकूपाला, शॉवरला काही गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि एका वक्ररेषेवरून सर्वाधिक प्रवाह वाचायचा. त्यामागील संभाव्यतेचा विचार मोठा सुंदर आहे. सगळे नळ एकदम उघडत नाहीत, म्हणून शंभरांपैकी नव्याण्णव वेळा पुरेल एवढाच प्रवाह धरायचा. नळाच्या पाइपांसाठी ती रीत योग्यच होती, कारण पाइप थोडा मोठा झाला तर फारसे बिघडत नाही. पण ती रीत ज्या काळातील नळांसाठी होती ते आजच्या नळांपेक्षा कितीतरी अधिक पाणी सोडत असत. तोच आकडा उचलून सॉफ्टनरला लावला, की पाइपला जे निरुपद्रवी होते ते रेझिनला बाधते. प्रत्यक्ष मीटर लावून पाहिल्यावर सर्वाधिक प्रवाह या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

बाष्पकांच्या बाबतीत गोष्ट आणखी मजेची होते. तासाला २,००० किलो वाफ तयार करणारे बाष्पक, म्हणून तासाला २,००० लिटर मृदू पाणी, अशी मागणी माझ्याकडे येते. पण वाफ आपले काम करून पुन्हा पाणी झाली की त्यातील बरेचसे परत येते. ७० टक्के परत येत असेल तर नवे पाणी ६०० लिटरच लागते आणि बाष्पकातून मुद्दाम सोडून द्यायचे आणखी १०० लिटर धरले तरी ७०० लिटरांवर भागते. हे ऐकून ग्राहक खूश होतो. मग मी विचारते, की बाष्पक रात्री बंद असते का. असेल, तर सकाळी सगळ्या नळ्या थंड असतात, वाफ वाटेतच गारठून अडकते आणि पहिला तासभर परत काहीच येत नाही. त्या तासात खरोखरच २,००० लिटरांची मागणी असते. ती टाकीत साठवलेल्या पाण्यातून भागवायची की सॉफ्टनरमधून, हे आधी ठरवलेले बरे, नाहीतर कोणीतरी घाईत बायपासचा, म्हणजे सॉफ्टनर टाळून पाणी पुढे नेणारा, व्हॉल्व्ह उघडतो आणि कठीण पाणी थेट बाष्पकात जाते. बायपास उघडणारा हात मला कधी सापडलेला नाही. तो उघडा असल्याचे मात्र अनेकदा सापडले आहे.

ज्या ठिकाणी पाणी चोवीस तास लागते तेथे एक टाकी पुरत नाही, कारण रीजनरेशनला साधारण तास-दीड तास जातो. दोन टाक्या आलटून पालटून चालवाव्या लागतात. येथेही एक चूक वारंवार दिसते. दोन टाक्या आहेत म्हणून प्रवाह दोघींत वाटला जाईल असे गृहीत धरतात, पण एक टाकी मिठात असताना सगळा भार दुसरीवर येतो आणि तो नेमका गर्दीच्या वेळी येऊ शकतो. शिवाय बॅकवॉशचे, म्हणजे रेझिन उलट्या प्रवाहाने धुण्याचे, पाणी कोठून येणार आणि कोठे जाणार, हा प्रश्न तर बहुधा शेवटच्या दिवशी निघतो. ७५ सेंटिमीटर व्यासाच्या टाकीतील रेझिन नीट उचलून धुवायला तासाला पाच हजार लिटरांहून अधिक वेगाने पाणी लागते. पुरवठ्याची नळी तेवढे देत नसेल तर रेझिन कधीच स्वच्छ होत नाही. थंड पाणी अधिक दाट असल्यामुळे त्याच वेगाला मणी अधिक वर उचलले जातात. उन्हाळ्यात नीट जुळवलेल्या एका सॉफ्टनरचे मणी हिवाळ्यात गटाराच्या जाळीवर मधाच्या थेंबांसारखे चमकताना मी पाहिले आहेत. आणि हो, टाकी दारातून आत जाते का, हेही मोजावे. हसू नका. एकदा भिंत फोडावी लागली होती.

त्या हॉटेलच्या गृहस्थांना मी एवढे सगळे फोनवर सांगितले नाही. त्यांना मी फक्त एक विनंती केली, की मुख्य मीटरसमोर आठवडाभर एक जुना मोबाइल उभा करून त्याचे चित्रण करावे. ते थोडे नाराज झाले असावेत, कारण दुसऱ्या एका पुरवठादाराने खोल्या आणि नळ मोजून मिनिटाला ७०० लिटरांचा सॉफ्टनर सुचवला होता आणि त्यासाठी त्याला कोणताही मोबाइल लागला नव्हता. तरी आठ दिवसांनी आकडे आले. मी दर मिनिटाची वजाबाकी करत बसले. सकाळी सात ते नऊच्या दरम्यानची गर्दी अपेक्षेप्रमाणे होती, मिनिटाला १९० लिटरांपर्यंत. पण सर्वांत उंच टोक सकाळी नव्हतेच. रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रवाह एकदम ३१० लिटरांवर जाई आणि नऊ मिनिटांनी तसाच एकदम खाली येई. पाहुणे इतक्या शिस्तीने अंघोळ करत नाहीत.

मी फोन करून विचारले, की चार दहाला काय होते. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितले, "बागेचे पाणी. ते आपोआप सुरू होते."

बागेला मृदू पाणी नको होते, एवढेच नाही, तर ते घातकच ठरले असते. दर १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढताना पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येतो. थॉम्पसनच्या मातीने अमोनिया धरून कॅल्शियम सोडला होता. बागेच्या मातीनेही तसाच सोडियम धरून आपला कॅल्शियम सोडला असता, आणि सोडियम भरलेली चिकणमाती घट्ट होऊन पाणी मुरू देत नाही. बागेची नळी सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढायची, असे मी आराखड्यावर लिहिले. उरलेल्या ३७,००० लिटरांसाठी, २८० मिलिग्रॅमच्या पाण्याला आणि मिनिटाच्या १९० लिटरांना पुरतील अशा ३०० लिटर रेझिनच्या दोन टाक्या, एक चालू आणि एक राखीव, असे माप निघाले. त्यांनी आकडा ऐकून घेतला आणि काहीशा संशयाने विचारले, "एवढासाच?" मी त्यांना मोबाइल आणखी एक आठवडा मीटरसमोर राहू द्यायला सांगितले, या वेळी बागेचा व्हॉल्व्ह बंद ठेवून.